2009 च्या स्विफ्टचे ब्रेक पुढून मागेपर्यंत नवे केले – पार्ट, खर्च आणि घाटातला अनुभव

निकाल आधीच सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. जुन्या स्विफ्टला ब्रेकसाठी मोठी डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी), मागे डिस्क कन्व्हर्जन (ड्रम काढून डिस्क बसवणं) वगैरे काहीही लागत नाही. कंपनीने जी सिस्टीम दिलीये तीच पूर्ण नवी करा, पुढे चांगल्या ब्रँडची डिस्क आणि पॅड (डिस्कला दोन्हीकडून दाबणारे तुकडे) टाका, मागचे ड्रम (डब्यासारखे बंद ब्रेक) उघडून नीट बनवून घ्या, ब्रेक ऑइल बदला. साधारण चौदा हजारात माझं सगळं झालं आणि गाडी आज ज्या विश्वासाने थांबते तशी गेल्या कित्येक वर्षांत थांबत नव्हती. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली येईलच.

गाडी म्हणजे 2009 ची व्हीएक्सआय, 1.3 पेट्रोल, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) नाही. तेव्हा एबीएस वरच्या मॉडेलला किंवा ऑप्शनमध्ये मिळायचं, सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं ते एप्रिल 2019 पासून. 15 वर्षं पूर्ण झाल्यावर आरटीओत पासिंग करून, ग्रीन टॅक्स भरून रजिस्ट्रेशन पाच वर्षं वाढवून घेतलं, कारण इंजिन अजून ठणठणीत आहे आणि हिच्याइतकी हलकी, चालवायला मजा देणारी गाडी मला आजच्या बजेटमध्ये दिसत नाही. पाच वर्षं अजून चालवायची तर ब्रेक असे ढकलत चालणार नाही हे तेव्हाच ठरवलं होतं.

लक्षणं तशी नेहमीचीच होती. ऐंशी-नव्वदच्या पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं, पॅडल अर्ध्यापर्यंत मऊ जायचं आणि मग ब्रेक धरायचा, हॅन्डब्रेक नऊ-दहा टकटक ओढल्याशिवाय गाडी चढावर उभी राहत नव्हती. शहरात हे कळत नाही, कळलं तरी आपण सवय करून घेतो. पण आमचं गाव पोलादपूरच्या बाजूला, म्हणजे पुण्याहून निघालं की वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर आणि मग आंबेनळी घाट उतरून खाली, नाहीतर भोरकडून वरंध घाट. दोन्हीकडे मागच्या सीटवर आईबाबा आणि डिकीत तांदळाचं पोतं असताना मऊ पॅडल घेऊन उतरणं मला मान्य नाही.

इथे थोडं थांबून उष्णतेचं सांगते, कारण ब्रेकमध्ये पैसे नेमके कुठे घालायचे हे त्यावरच ठरतं. पाचगणी समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास, वाई सातशेच्या आसपास. म्हणजे माणसं-सामान धरून तेराशे किलोची गाडी पसरणीतून जवळजवळ सहाशे मीटर खाली येते, आणि ही जी ऊर्जा आहे ती जर सगळी ब्रेकनेच अडवली तर वीस लिटरची बादली भरून पाणी उकळेल एवढी उष्णता तयार होते. ती जाते कुठे, तर बहुतेक पुढच्या दोन डिस्कमध्ये, कारण ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो आणि ब्रेकचं दोन तृतीयांशापेक्षा जास्त काम पुढची चाकं करतात. डिस्क झिजून पातळ झालेली असेल तर ती लवकर तापते, तापली की पॅडची पकड कमी होते, आणि कॅलिपरमधलं, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीतलं, ऑइल जुनं असेल तर त्यातलं पाणी उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पॅडल एकदम खाली जातं. घाटात "ब्रेक फेल झाला" असं जे आपण ऐकतो त्यातल्या बऱ्याच वेळा काही तुटलेलं नसतं, सगळं नुसतं तापलेलं असतं. म्हणूनच ब्रेक कितीही नवे असले तरी घाट सेकंड-थर्ड गिअरमध्येच उतरायचा, म्हणजे इंजिनही गाडी अडवून धरतं, हे इथे लिहायलाच हवं. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवण्याचा हिशोब काय करतो ते पुण्यात राहणाऱ्यांना नवले पुलाचा उतार रोज सांगतो, नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका अवजड गाडीने रात्रीत चाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या होत्या.

आता गॅरेजचं. आधी एका मोठ्या, चकाचक मल्टिब्रँड वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी चाक न काढता कोटेशन दिलं, मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ऑइलवर दाब देणारा) बदला, बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) बदला आणि वर "मॅडम, मागे डिस्क करून घ्या, जबरदस्त फरक पडेल". बूस्टर चांगला आहे की नाही हे बघायला दोन मिनिटं लागतात, इंजिन बंद करून पॅडल चार-पाच वेळा दाबायचं, कडक झालं की पाय तसाच ठेवून गाडी चालू करायची, पॅडल थोडं खाली गेलं म्हणजे बूस्टर चालवणारं व्हॅक्युम इंजिनकडून येतंय. माझं व्यवस्थित जात होतं. त्यामुळे तिथून निघाले आणि सिंहगड रोडच्या आतल्या गल्लीत आमच्या सोसायटीतले बरेच जण ज्यांच्याकडे जातात त्या मामांकडे गेले. मामांनी आधी चारही चाकं उतरवली आणि मगच बोलायला सुरुवात केली, मला तिथेच पटलं.

पुढची डिस्क त्यांनी व्हर्नियरने मोजून दाखवली. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती गंजाखाली दडलेली होती, ब्रशने घासून वाचली. माझी डिस्क त्याच्या अगदी काठावर आली होती आणि बाहेरच्या कडेला बोटाने जाणवेल असा कठडा तयार झालेला. मी विचारलं, लेथवर मारून चालेल का. मामा म्हणाले, "ताई, मारून देतो, आज गुळगुळीत दिसेल, पण अजून पातळ होणार. तुम्ही घाटात जाता. तापली की परत वाकणार आणि परत माझ्याकडेच येणार." म्हणून डिस्क नवी, दोन्ही बाजूंची. एका बाजूची कधीही बदलू नका, गाडी ब्रेकला ओढते.

पार्ट मी स्वतः पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या बाजारातून आणले. पुढे डिस्क आणि पॅड दोन्ही ब्रेम्बोचे घेतले. नाव ऐकून लोकांना रेसिंगच्या लाल कॅलिपरची आठवण येते, पण हे साधे, आपल्या गाडीच्या मापाचे, कंपनीच्या जागी जसेच्या तसे बसणारे पार्ट आहेत. ही इटलीतली कंपनी, 1961 पासूनची, आणि आपल्या चाकणला त्यांचा कारखाना आहे, केटीएम आणि बजाजच्या बाइकवर बायब्रे लिहिलेले कॅलिपर दिसतात ते यांचेच. डिस्कची जोडी चारेक हजाराला, पॅडचा सेट दोन हजाराच्या आत. मारुतीचे ओरिजिनल पॅडही वाईट नाहीत, बॉश आहे, टीव्हीएस गर्लिंग आहे, यातलं कुठलंही घेतलंत तरी चालेल. मी फक्त एवढं म्हणेन की सहाशे-सातशेवाला बिनानावाचा डबा घेऊ नका. पॅडच्या पाठीवर किंवा डब्यावर आर90 चं मार्किंग दिसलं तर चांगलं, तो युरोपातला नियम आहे, बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आतबाहेर असायला हवी असं त्यात आहे. आणि पॅड जास्त "ताकदीचे" असणं हे नेहमी चांगलंच असतं असं नाही. रेसिंगचे पॅड गरम झाल्यावर धरतात, थंड असताना, म्हणजे सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पहिल्या वळणावर, साध्या पॅडपेक्षा कमी धरतात. रोजच्या गाडीला ते नकोच.

डिस्क बसवतानाचं एक काम मला फार आवडलं, कारण हे बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. जुनी डिस्क हातोडीने ठोकून निघाली तेव्हा हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, तोंडावर गंजाचे पापुद्रे होते. मामांनी आधी वायर ब्रश, मग पॉलिश पेपरने ते तोंड चकचकीत होईपर्यंत घासलं, बोट फिरवून बघितलं, परत घासलं. हबवर केसाइतका गंज राहिला तरी डिस्क तेवढी तिरकी बसते, फिरताना डुलते, आणि काही हजार किलोमीटरने ती एका जागी जास्त झिजून परत तीच थरथर सुरू होते. मग लोक म्हणतात डिस्क खराब निघाली. नव्या डिस्कवरचा संरक्षणाचा थर ब्रेक क्लीनरने पुसला, आणि शेवटी चाकाचे नट गनने न ठोकता हाताने समोरासमोर थोडे थोडे करून आवळले, टॉर्क रेंच 85 न्यूटन मीटरवर लावून. गनने एक नट जास्त, एक कमी असं आवळलं तरी डिस्कवर ताण येतो.

कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना बघितल्या तेव्हा गाडी थोडी डावीकडे का ओढायची ते कळलं. उजव्या बाजूची एक पिन वंगण सुकून जॅम झाली होती, त्यामुळे आतला पॅड पार झिजलेला आणि बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक, म्हणजे उजवीकडे एकच पॅड नीट काम करत होता. पिना साफ करून त्यावर सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं चेसिस ग्रीस लावायचं नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. दोन्ही कॅलिपरला नवीन सील किट टाकलं, तीनशे-चारशेचं असतं, तेवढ्यासाठी जुनं रबर ठेवू नये.

मागचे ड्रम ही सगळ्यात दुर्लक्षित जागा, आणि खरं सांगायचं तर माझ्या मऊ पॅडलचं निम्मं कारण तिथेच होतं. डावा ड्रम काढला तर शूवरचे लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) ओले, काळे, चिकट. शू ड्रमवर ढकलणारा व्हील सिलिंडर गळत होता. बाहेरून काहीच दिसत नव्हतं कारण ऑइल ड्रमच्या आतच पसरत होतं, आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी इतकी हळू उतरायची की सर्व्हिसिंगला कोणीतरी दरवेळी वरून भरत गेलं असणार. ऑइल प्यायलेले लायनर धुऊन, पेपर मारून परत वापरायचे नाहीत, ते गेले. मागे मारुतीचे ओरिजिनल शू, दोन्ही नवे व्हील सिलिंडर आणि स्प्रिंगचा सेट घेतला. आतला ॲडजस्टर गंजून घट्ट झाला होता, तो सोडवून, साफ करून वंगण लावला. हा ॲडजस्टर चालला नाही की लायनर झिजत जातात आणि ड्रमपासून लांब राहतात, मग पॅडलचा पहिला निम्मा प्रवास फुकट जातो आणि हॅन्डब्रेकही वर येतो. लोक हॅन्डब्रेकची केबल आवळून मोकळे होतात, आवळायचा असतो आधी शू. आता माझा हॅन्डब्रेक पाच-सहा टकटकीत पक्का लागतो.

ऑइल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, झाकण बंद असलं तरी रबरी होजमधून (नळ्यांमधून) थोडं थोडं येतच राहतं, म्हणून गाडी कमी चालली तरी दर दोन वर्षांनी बदलायला हवं. डॉट 3 ग्रेडचं ऑइल नवं असताना कमीत कमी 205 डिग्रीला उकळतं, पाणी मुरल्यावर 140 पर्यंत येतं. डॉट 4 नवं असताना 230, मुरल्यावर 155. घाटवाल्यांनी डॉट 4 च टाकावं. फक्त डॉट 5 नावाचं सिलिकॉनचं असतं ते चुकूनही नाही, ते या ऑइलमध्ये मिसळत नाही. मी बॉशचं डॉट 4 घेतलं, सीलबंद डबा, मामांनी माझ्यासमोर फोडला. जुनं निघालं ते चहापेक्षा काळं होतं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, असं करत चारही चाकांची हवा काढली, एक जण आत पॅडल दाबतोय, मामा खाली हवा काढायचं निपल सोडतायत, पारदर्शक नळीतून बुडबुडे थांबून स्वच्छ पिवळसर धार येईपर्यंत. याला अर्धा-पाऊण तास जातो, आणि हाच वेळ बाकी गॅरेजवाले वाचवतात. पुढचे दोन्ही रबरी होजही बदलले, वाकवल्यावर बारीक चिरा दिसत होत्या. स्टीलच्या जाळीचे होज मिळतात, पण नवे रबरी होज लावल्यावर पॅडल इतकं घट्ट झालं की त्याची गरज मला वाटली नाही.

गाडी हातात मिळाल्यावर लगेच जोरात ब्रेक मारून बघायचं नाही. पहिले काही दिवस सांभाळून, आणि मोकळ्या रस्त्यावर साठवरून पंधरा-वीसपर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडं चालवून थंड होऊ द्यायचं. यात पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहिलं तर त्या एकाच जागी थर चिकटतो आणि पुढे थरथर लागते. सकाळी लवकर कात्रज बायपासला गर्दी नसताना मी हे करून घेतलं.

फरक? पॅडल आता वरच पकडतं, आणि किती दाबलं की किती थांबेल हे पायाला कळतं. एबीएस नसलेल्या गाडीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण चाक लॉक होण्याच्या थोडं अलीकडे पाय धरून ठेवायचा असतो आणि मऊ पॅडलवर ते जमत नाही. थरथर पूर्ण गेली. डावीकडे ओढणं गेलं. गणपतीला गावी गेलो तेव्हा आंबेनळी भर पावसात धुक्यातून उतरलो, गाडी भरलेली, खाली पोचल्यावरही पॅडल जसं वर होतं तसंच. बाबांनी त्या घाटात वर्षानुवर्षं गाडी चालवलीये, ते उतरल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "आता कशी बसल्यासारखी उतरते."

मागे डिस्क कन्व्हर्जनचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी. हजार किलोची गाडी, मागची चाकं ब्रेक लागताना आधीच हलकी होतात, तिथे ताकद वाढवली तर पुढच्याआधी मागचं चाक लॉक होऊन गाडी फिरण्याची भीती. पुढे-मागे किती प्रेशर जायचं याचा हिशोब कंपनीने ड्रम धरून केलेला आहे. मोठी पुढची डिस्क 14 इंची चाकात मावत नाही, मग चाकं बदला, टायर बदला. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल केला तर पासिंगला आणि इन्शुरन्स क्लेमच्या वेळी अडचण. शिवाय तुमचे आत्ताचे ब्रेक नीट असतील तर ते चाक लॉक करू शकतातच, त्यापुढे गाडी थांबवतो तो टायर. माझे टायर सहा वर्षांचे होते, नक्षी भरपूर होती पण रबर कडक झालेलं, ते ब्रेकनंतर महिनाभराने बदलले आणि ओल्या रस्त्यावरचा फरक त्यानंतर पुन्हा जाणवला. पंधरा-वीस हजार कन्व्हर्जनला घालवण्यापेक्षा टायरला घाला, हे मी कळकळीने सांगते.

आता अर्धा स्टार कुठे गेला. या पॅडची काळी धूळ जुन्या पॅडपेक्षा जास्त येते, चाकं आठवड्यात मळतात. आणि रात्रभर पावसात उभी राहिली की सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खर्र आवाज येतो. तो डिस्कवरचा वरवरचा गंज असतो, लगेच जातो, काळजीचं काही नाही, पण आधीच्या पॅडला एवढा येत नव्हता. सतत धातूचा कर्कश ची-ची आवाज आला तर मात्र ती वेगळी गोष्ट, पॅडवरची झीज दाखवणारी पट्टी घासतेय, तेव्हा गाडी लगेच दाखवा.

खर्चाचं: डिस्क-पॅड मिळून सहा हजाराच्या आत, मागचे शू, सिलिंडर, स्प्रिंग मिळून अडीच, होज, सील किट, ऑइल, ग्रीस मिळून दोन-सव्वादोन, बाकी मजुरी. मामांनी मजुरी साधारण तीन हजार घेतली, पूर्ण दिवसाच्या कामाला मला ती रास्त वाटते. नाना पेठेत जाणार असाल तर आरसीचा फोटो, जुन्या पार्टचा फोटो आणि चेसिस नंबर घेऊन जा, कारण स्विफ्टची मॉडेलं बदलली तशी मापंही बदलली. डब्यावरचं होलोग्राम, एमआरपीचं स्टिकर बघा, पक्कं बिल मागा. बिल द्यायला जो दुकानदार कुरकुरतो तिथून ब्रेकचं काहीही घेऊ नका, सीट कव्हर घ्या हवं तर.

पुढची पॅड तपासणी दहा हजार किलोमीटरला, ऑइल दोन वर्षांनी, तारीख मी बॉनेटच्या आत स्टिकरवर लिहून ठेवलीये. ज्यांचं बजेट आत्ता एवढं नाही त्यांनी निदान दोन गोष्टी या महिन्यात करून घ्या, ब्रेक ऑइल बदला आणि मागचे ड्रम उघडून बघायला सांगा. दोन्ही मिळून दीड-दोन हजारात होतं, आणि गळणारा व्हील सिलिंडर असेल तर तो तिथेच सापडेल.